कपाटातला डबा आणि बाबांच्या कॅसेटी

या वेळी दिवाळीच्या तयारीवर लिहायचं ठरलं होतं, पण आमच्या घरात मध्येच एक भानगड उपटली आणि आठ दिवस दुसरं काही सुचलंच नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असाच एक डबा कपाटात बसलेला असेल, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या सांवेरच्या घरात संध्याकाळी सातला दिवा लागला की आई झोपाळ्यावर बसते आणि बाबांच्या कॅसेटी ऐकते. कॅसेटी म्हणायची सवय राहिली आहे, एवढंच. कॅसेट वाजवणारं यंत्र केव्हाच मोडीत गेलं. बाबा शाळेत मास्तर होते आणि गाण्याचे वेडे. 1979 साली त्यांनी रेकॉर्डर घेतला आणि मग आकाशवाणी इंदूरवरचं शास्त्रीय गाणं, गणेशोत्सवातल्या बैठका, घरी आलेल्या पाहुण्यांची भजनं, जे कानावर पडेल ते टेपवर उतरवत गेले. शेवटी 140 कॅसेटी झाल्या. प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात राग, तारीख आणि कधी कधी शेरा : 'तबला फार पुढे'.

बाबा गेले त्याच्या आधीच्या दोन वर्षांत मी आणि माझ्या भाच्याने त्या संगणकावर घेतल्या. हे काम ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. 140 कॅसेटींचे 210 तास झाले. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला साधारण 635 एमबी जागा खातो. 'फ्लॅक' या प्रकारात आवाजाला धक्का न लावता ते जवळजवळ निम्म्यावर येतं. तरी सत्तर-एक जीबी झालेच. ते सगळं, वर घरातल्या सीड्या आणि फोटो, आम्ही नॅसवर टाकलं. नॅस म्हणजे राऊटरला जोडलेला, आत दोन हार्ड डिस्क असलेला डबा. घरातल्या कुठल्याही यंत्राने त्यातलं उघडावं, अशी ती सोय. बैठकीत स्पीकरला जोडलेला एक छोटा म्युझिक स्ट्रीमर आहे, तो या डब्यातून गाणी घेतो. आईला मी एकच गोष्ट शिकवली होती : फोनवर 'बाबा' असं लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवायचं.

एका सकाळी तो चौकोन रिकामा झाला.

आईचं पहिलं वाक्य होतं, "मी काही दाबलं नाही रे." नंतर दिवसभर तिने ते तीन-चारदा म्हटलं. स्वतःच्या हातून काहीतरी पुसलं गेलं, अशी तिची खात्रीच झाली होती. बाबांचा आवाज त्या कॅसेटींत आहे. गाण्याच्या आधी ते तारीख बोलत, कुणाला तरी "दार लावा" म्हणत, आणि एका कॅसेटवर तर अर्धं भजन झाल्यावर विसरून हसतात. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा आज कुठल्याही ॲपवर मिळतो. बाबांचं हसू कुठल्याच ॲपवर नाही.

मला आधी वाटलं, रात्री लाइट गेली असेल. सिंहस्थासाठी उज्जैन रस्त्याचं काम सुरू आहे, त्यामुळे आमच्याकडे सध्या कशालाही तेच एक कारण पुरतं. पण स्ट्रीमरवर इंटरनेट रेडिओ व्यवस्थित वाजत होता, म्हणजे नेट होतं. संगणकावरून डबा उघडला तर सगळी गाणी जागच्या जागी. म्हणजे डबाही जिवंत. फक्त या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर रात्री दोन वाजता त्याचं फर्मवेअर आपोआप बदललेलं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतला, ते यंत्र चालवणारा प्रोग्राम. कंपनीच्या चिठ्ठीत एकच ओळ होती : 'सुरक्षेत सुधारणा'.

पुण्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुझा डबा एसएमबी वनवर आहे. स्ट्रीमरने ते बंद केलं असणार." मग त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रातल्या फाइली उघडण्यासाठी दोन्ही यंत्रांना एक समान बोली लागते. घरगुती जगात ती बोली म्हणजे एसएमबी. तिची पहिली आवृत्ती 1980च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, तेव्हा नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातले चार संगणक आणि सगळे ओळखीचे. पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये घेतली. लिनक्सवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तीच बोली बोलणारा 'साम्बा' हा प्रोग्राम केला. नाव कसं सुचलं? एस, एम आणि बी ही अक्षरं असलेले शब्द त्यांनी शब्दकोशातून शोधून काढले, त्यात साम्बा सापडला. आपल्या घरातले बहुतेक नॅस डबे आतून साम्बाच चालवतात.

पहिली आवृत्ती जुन्या वाड्याच्या कडीसारखी होती, बाहेरून काडी घातली की उघडणारी. 2006च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आली, 2012 मध्ये तिसरी. पण जुनी कुणी काढून टाकली नाही, कारण जुने प्रिंटर, जुने डबे तिच्यावरच चालत. मग 12 मे 2017 ला वॉनाक्राय आलं. पहिल्या आवृत्तीतल्या एका भोकातून शिरणारा हा व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत, दोन लाखांवर संगणकांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. महिनाभराने, 27 जूनला, नॉटपेट्या आलं. तेही त्याच भोकाचा उपयोग करणारं. या वेळी झळ आपल्या दारापर्यंत आली : न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्कच्या ताब्यातल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रक खोळंबले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, लावायची राहिली होती.

त्यानंतर मात्र सगळ्यांनी दारं लावायला घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या विंडोज 10 मध्ये पहिली आवृत्ती आपोआप बसणं बंद झालं. लिनक्सच्या गाभ्यानेही 2017 मध्ये नव्या आवृत्त्यांना पहिली पसंती दिली. 2019 मध्ये साम्बाने जुनी बंद ठेवायला सुरुवात केली. म्युझिक स्ट्रीमरच्या आत बहुधा लिनक्सच असतं, त्यामुळे हा बदल आज ना उद्या त्याच्या फर्मवेअरमधून घरात येतोच. कुणाकडे 2018 मध्ये आला, आमच्याकडे आत्ता.

इथे माझं एक भांडण आहे. दार लावणं बरोबर, पण आत माणूस बसलाय हे सांगाल की नाही? 'सुरक्षेत सुधारणा' या दोन शब्दांनी ब्याऐंशी वर्षांच्या बाईला काय कळणार? 'तुमचा जुना डबा यापुढे दिसणार नाही, आधी हे करा' एवढं वाक्य कंपन्यांना जड का व्हावं? मोठ्यांचीही हीच तऱ्हा. सोनोसने मे 2024 मध्ये नवं ॲप आणलं आणि लोकांना घरातला स्वतःचा गाण्यांचा साठा नीट सापडेना. त्यांच्या प्रमुखांना, पॅट्रिक स्पेन्स यांना, जुलैत जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी 2025 मध्ये पद सोडावं लागलं. आमच्या स्ट्रीमरच्या कंपनीकडून मला 'आपला संदेश मिळाला' एवढंच उत्तर आलं.

आता दुरुस्ती. भाच्याने पहिल्यांदा बजावलं, ते तुम्हालाही सांगतो : जुनं फर्मवेअर परत चढवायच्या फंदात पडू नका, आणि घरातल्या इतर यंत्रांवर एसएमबी वन पुन्हा चालू करा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. बदलायचं असतं डब्यात.

डब्याचं सेटिंगचं पान मी 2016 नंतर उघडलंच नव्हतं. फाइल सेवा, तिथे एसएमबी, आणि त्यात एक चौकोन : 'एसएमबी 2 चालू करा'. त्यात खूण नव्हती. इतकी वर्षं ती सोय तिथे होती आणि मी टिचकी मारली नव्हती! खूण केली, डबा बंद करून चालू केला. स्ट्रीमरवर तरीही काही नाही. कारण शेजारची यंत्रं नावाने आपोआप दिसणं, ही सोयही बरीचशी त्या जुन्या आवृत्तीवरच उभी होती. म्हणून नावाऐवजी डब्याचा आकडी पत्ता टाकला, 192.168 ने सुरू होणारा. तो पत्ता उद्या बदलू नये म्हणून राऊटरमध्ये डब्यासाठी राखूनही ठेवला. आता डबा दिसला, पण आत जाऊ देईना. फोल्डर मी बिनपासवर्डाचं, सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं आणि नव्या नियमांत अनोळखी पाहुण्याला सहसा प्रवेश नाही. मग 'गाणी' नावाचा एक वेगळा वापरकर्ता केला, त्याला पासवर्ड दिला आणि अधिकार फक्त वाचण्याचा. म्हणजे स्ट्रीमरवर काहीही दाबलं तरी पुसलं काहीच जाणार नाही. हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

तुमचा डबा इतका जुना असेल की तो चौकोनच नाही, तर दोन वाटा आहेत. डब्यात डीएलएनए किंवा मीडिया सर्व्हर असेल तर तो चालू करा, ती बोलीच वेगळी आहे. नाहीतर सरळ गाणी एका यूएसबी डिस्कवर घेऊन स्ट्रीमरच्या पाठीमागे लावा.

इथे लेख संपायला हवा होता. पण सेटिंगच्या त्याच पानावर वर एक लाल पट्टी होती : 'डिस्क 2 निकामी'.

दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी दुसरी असते, या भरवशावर आम्ही निवांत होतो. दुसरी गेल्याला चार महिने झाले होते. डब्याने इशाऱ्याचे ईमेल पाठवले होते, पण ते माझ्या जुन्या, कधीच न उघडल्या जाणाऱ्या खात्यावर. आणि मे महिन्यात तो डबा दोन दिवस पीं पीं करत होता, ते मला आता आठवलं. लाइट सारखी जात होती, म्हणून असेल असं समजून मी आवाजच बंद केला होता. चार महिने बाबांचे 210 तास एकाच, बारा वर्षं जुन्या डिस्कवर उभे होते. मूळ कॅसेटी माळ्यावर आहेत, पण निम्म्यांना बुरशी आलेली आहे.

त्या रात्री मी झोपलो नाही. भाच्याच्या सांगण्यावरून आधी नवी डिस्क लावली नाही. नवी बसवली की डबा सगळा मजकूर तिच्यावर उतरवायला उरलेल्या म्हाताऱ्या डिस्कला तासन् तास राबवतो, आणि ती तेव्हाच दगा देऊ शकते. म्हणून पहिल्यांदा डब्याला बाहेरची यूएसबी डिस्क जोडून कॅसेटींची फोल्डरं घेतली, मग फोटो, मग सीड्या. पहाटे साडेचारला संपलं. दुसऱ्या दिवशी इंदूरहून नवी डिस्क आणली आणि तेव्हा कुठे डबा दुरुस्तीला लावला. यूएसबी डिस्कची एक प्रत नाशिकला ताईकडे गेली आहे, दुसरी आमच्या कपाटात, डब्यापासून लांब.

आई आता पुन्हा सातला झोपाळ्यावर असते. एक नवीन काम मात्र निघालं आहे. नक्कल करताना लक्षात आलं की एकतीस फाइलींना नावंच नाहीत, नुसतं 'साइड बी' एवढंच. रोज एक लावतो, आई ऐकून सांगते आणि मी टाइप करतो. परवा एकीवर तिचाच आवाज निघाला, ओव्या म्हणताना, मागे कुकरची शिट्टी. काल एक बाई अभंग म्हणत होती, फार गोड. आईने दोनदा लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "देवासहून कुणीतरी यायची. नाव आठवत नाही." मी फाइलीवर 'देवासच्या बाई' असं लिहून ठेवलं आहे. नाशिकला ताईला पाठवली आहे, तिला आठवतं का पाहू.