बंदराची सहल आणि नर्मदेची होडी

नंदुरबार जिल्ह्यातील शाळेची सहल मुंबईला निघाली, की गेटवे ऑफ इंडिया आणि तेथून लाँचने घारापुरी, हा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. (लेणी सोमवारी बंद असतात, हे मात्र आधी पाहिलेले बरे.) ज्या मुलांनी समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिला, त्यांच्या दृष्टीने तासाभराचा हा जलप्रवास म्हणजे सहलीचा कळसच होय. परंतु त्या तासाभरात मुलांना दाखविले काय जाते?

लाँच धक्क्यावरून सुटली, की गेटवेची कमान आणि 1903 मध्ये उघडलेले ताजमहाल हॉटेल मागे पडू लागते. पंचम जॉर्ज 1911 मध्ये येथे उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हती. तिचे उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झाले. ज्या स्वागताच्या स्मरणार्थ ती उभारली गेली, त्याहून 28 फेब्रुवारी 1948 रोजी तिच्याखालून ब्रिटिश सैन्याच्या अखेरच्या तुकडीची झालेली पाठवणी अधिक स्मरणीय म्हटली पाहिजे. पुढे नांगरून पडलेली मालवाहू जहाजे दिसतात, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसतात. आयात-निर्यातीचा जो धडा वर्गात महिनाभर कंटाळवाणा वाटतो, तो येथे डोळ्यांसमोर तरंगत असतो. बहुतेक सहलींत त्या वेळी गाणी आणि भेंड्या चालू असतात.

घारापुरीची त्रिमूर्ती पाहून कोणीही स्तब्ध व्हावे, यात नवल नाही. लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्याच बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, आणि तेथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्रतळातून टाकलेल्या केबलने. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तेथील रहिवासी अंधारात राहिले. धडगावच्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच जलमार्गावर 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जणांना प्राणांस मुकावे लागले. प्रवासी बोटीचा परवाना 84 जणांचा, आणि तीवर माणसे शंभराहून अधिक. दुसऱ्याच दिवशी गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींवर जीवरक्षक जाकिटे सक्तीची झाली. शासन मनात आणले तर किती त्वरेने हलू शकते, याचा हा दाखला. मात्र अपघात राजधानीत व्हावा लागतो, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

कारण नंदुरबार जिल्ह्यालाही स्वतःचे अथांग पाणी आहे. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. नर्मदाकाठच्या पाड्यांवरील लोकांना बोटीत बसणे ही हौस नव्हे. बाजार, आश्रमशाळा, दवाखाना, सर्वच पाण्यापलीकडे. दवाखाना तर तेथे बोटीवरच तरंगत आणावा लागला. 15 जानेवारी 2019 रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत भाविकांची बोट उलटली. बुडून मरण पावलेल्यांत लहान मुलेही होती.

सहलीच्या दिवशी ज्या विद्यार्थ्याच्या अंगात लाँचवाला आग्रहाने जाकीट घालतो, तोच विद्यार्थी सुट्टीत घरी जाताना जाकिटाविना होडीत बसत असेल, तर ती सक्ती पर्यटकांपुरती ठरते. नर्मदेतील प्रत्येक प्रवासी बोटीची तपासणी, तिच्यावर ठळक रंगविलेली माणसांची मर्यादा आणि माणशी एक जाकीट, यासाठी नवा कायदा लागत नाही की मोठा निधीही लागत नाही. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतले, तर येत्या संक्रांतीच्या स्नानापूर्वी हे काम होण्याजोगे आहे.