मोत्याचा हिशेब

रेशमी साडी नको म्हणणाऱ्या आपण लग्नकार्यात तन्मणी, चिंचपेटी मात्र हौसेने घालतो. मला हे पटत नाही. मोती खाणीतून निघत नाही, शिंपल्यातून निघतो. आणि शिंपल्यातला जीव आपल्या शास्त्राप्रमाणे द्वींद्रिय. त्याला स्पर्श कळतो, चव कळते. (पोवळंही खाणीतलं नव्हे, समुद्रातल्या जीवांचंच!)

"हल्लीचे मोती कल्चर्ड, त्यात कसली हिंसा?" असं दुकानात सांगतात. १८९३ साली जपानमध्ये मिकिमोतोंनी शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. पुढे गोल मोत्यासाठी एका शिंपल्याच्या अंगाचा तुकडा कापून मण्याबरोबर दुसऱ्याच्या अंगात बसवू लागले. पहिला जीव तिथेच जातो, मोती काढताना बऱ्याचदा दुसराही. मग कल्चर्ड म्हणून समाधान कसलं?

आजीची नथ टाकून देऊ नका. नवे मोती घेऊ नका, घरातले जपा. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून लिंबू-चिंचेने झिजतो. चांदीसारखा त्याला चिंचेने घासायचा नाही. अत्तर आधी, मोती शेवटी. काढल्यावर घाम मऊ सुती कापडाने टिपा. सर पुन्हा ओवायला दिलात तर नायलॉनचा दोरा मागा, बहुधा रेशीमच वापरतात.

सुनेसाठी खोटे मोती घेणार असाल तरी एक विचारा. काहींवरची चमक माशांच्या खवल्यांपासून काढलेली असते.