दुसरी फळी आणि दूरचे गाव

नामांकित फुटबॉल क्लबाचा राखीव संघ हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांचा विषय होत नाही. त्याच्या सामन्यांना गर्दी नसते आणि खेळाडूंची नावे शेजारच्या वाड्यालाही ठाऊक नसतात. तरीही एखाद्या प्रदेशाच्या फुटबॉलचे भवितव्य पाहावयाचे असेल, तर ते या दुसऱ्या फळीतच पाहावे लागते.

रशियाचे उदाहरण बोलके आहे. सोव्हिएत काळापासून तेथे अव्वल क्लबांच्या राखीव संघांची स्वतंत्र स्पर्धा भरत असे. मॉस्कोच्या स्पार्ताक क्लबाचा दुसरा संघ २०१५ साली तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत चढला. मूळ संघ पहिल्या श्रेणीत असल्याने वरचे दार त्याला बंदच होते. अखेर २०२२ साली क्लबाने हा संघ बंद केला. काटकसरीची कुऱ्हाड पहिल्याने कोठे पडते, हे सांगावयास नकोच.

गोमंतकात एफ. सी. गोवाच्या राखीव संघाने २०१८-१९ च्या हंगामात गोवा प्रोफेशनल लीग जिंकली. त्यापूर्वी, २०१६ साली, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले होते. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा धेंपो २०२४ साली पुन्हा तेथे परतला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मधल्या आठ वर्षांत होतकरू मुलांच्या शिडीच्या कितीतरी पायऱ्या निखळल्या. राखीव संघाने त्यांतील काही सांधल्या, हे मान्य केले पाहिजे.

धनवान क्लबाचा दुसरा संघ स्थानिक स्पर्धेत उतरला की गावच्या क्लबांची गळचेपी होते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. गावाने घडविलेला मुलगा शहराने उचलावा आणि गावाच्या पदरी केवळ टाळ्या पडाव्यात, हा न्याय नव्हे. खेळाडू घडविणाऱ्या क्लबाला मोबदला मिळाला पाहिजे, हे तत्त्व फिफाने केव्हाच मान्य केले आहे. त्याचा लाभ आपल्या लहानशा क्लबांपर्यंत पोहोचविणे हे गोवा फुटबॉल असोसिएशनचे कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न अंतराचा. तेरेखोलच्या मुखाशी वसलेल्या केरीतील मुलाला फातोर्ड्याचे मैदान गाठावयाचे, तर शापोरा, मांडवी आणि जुवारी या तीन नद्या ओलांडाव्या लागतात. फुटबॉल ही सासष्टीची मिरास, अशी समजूत रूढ होण्यास गुणांपेक्षा हे अंतरच अधिक कारणीभूत आहे. निवड चाचण्या पेडणे, डिचोली आणि सत्तरीतही नियमाने झाल्या पाहिजेत. मुलाने मैदानापर्यंत यावे ही अपेक्षा रास्त आहे. पण मैदानानेही चार पावले मुलाकडे चालावयास हवीत.

२०२५ साली इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबणीवर पडला. शिखर डळमळते तेव्हा पाया जपावा लागतो. आमच्या मते राखीव संघ हा क्लबाच्या ताळेबंदातील खर्चाचा आकडा नसून उद्याच्या पिकाचे बियाणे आहे. टंचाईत बियाणेच खाऊन टाकणारा शेतकरी पुढल्या मृगाला काय पेरणार?