बंदूक हक्काची, शिस्तही आपलीच

रानडुकरांनी एका रात्रीत शेत नांगरून टाकले की गावात बंदुकीच्या गोष्टी निघतात. कोणाला रिव्हॉल्व्हर हवे, कोणाला रायफल. आम्ही स्पष्ट सांगतो : रिव्हॉल्व्हर कमरेला शोभते, राखणीच्या कामाचे नाही. रायफलची गोळी बांध ओळखत नाही, साधी.२२ची गोळीही मैलभर पलीकडे जाऊ शकते. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. तिचा परवाना ही मेहेरबानी नव्हे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. मात्र परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते.

हक्क मागणाऱ्याने शिस्तही पाळली पाहिजे. ठासलेली बंदूक सहजी रिकामी होत नाही. म्हणून ठासून घरात ठेवू नका. वाटेने जाताना केप काढलेली असावी, नळी माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर. बांध चढताना बंदूक आधी खाली ठेवा. अंधारात झाडी हलली एवढ्यावर बार काढू नका. पलीकडे राखणीला आलेला शेजारी असू शकतो.

शेतकरी भावांनो, गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. गेलेला माणूस उभा राहत नाही.