पडद्यावरील माल आणि दुकानातील माल

दुकानावरची पाटी आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द, एवढीच आमच्या वाडवडिलांची जाहिरात होती. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने व्यापारी जाहिराती स्वीकारण्यास प्रारंभ केला. आज लहान पेढ्यादेखील आपल्या मालाची फिल्म करवून घेऊ लागल्या आहेत. ती कशी तयार होते, हे प्रत्येक मालकाने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण फिल्म दुसरा करतो, पण नाव पेढीचे जाते.

सेकंदाला २५ या हिशेबाने ३० सेकंदांच्या जाहिरातीत ७५० चित्रे असतात. प्रथम मालाविषयी सांगावयाची एकच गोष्ट ठरवितात. मग संहिता लिहून तिच्यातील एकेक प्रसंग कागदावर चौकटीत रेखाटतात. या रेखाटनांस मालकाची संमती मिळाल्यावर चित्रीकरण होते. पुढे त्यातील निवडक तुकडे जोडून, त्यांवर संगीत व निवेदन चढवून फिल्म सिद्ध होते.

आता मर्माची गोष्ट. प्रखर दिव्यांखाली आइस्क्रीम वितळते, म्हणून त्याजागी कुस्करलेला बटाटा ठेवण्याची युक्ती पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ती लबाडी म्हणावी काय? १९५९ साली अमेरिकेत ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत, साबण लावताच सँडपेपरही एका हाताने साफ होतो असे दाखविले होते. वस्तुतः तो सँडपेपर नव्हता. पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर वाळू पसरलेली होती! खरा सँडपेपर सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे. खरा कागद पडद्यावर साधा रंगीत कागद दिसतो, असा बचाव झाला. १९६५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. शोभेच्या प्रसंगात बटाटा चालेल. परंतु मालाचा गुण सिद्ध करण्यासाठी नकली वस्तू खरी म्हणून दाखविणे ही फसवणूक होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

आमच्या बंधूंना हा न्याय परका वाटू नये. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापाबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नकली खपविणे, गणलेला आहे. काटा मारणे जो पाप मानतो, त्याने पडद्यावर काटा का मारावा? बाजारात सारेच तसे करतात, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. गिऱ्हाईक फिल्म पाहून एकदा येते. दुसऱ्यांदा ते माल पाहूनच येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून सभासद बंधूंना आमची नम्र विनंती आहे की, रेखाटनांवर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : पडद्यावर जे घडताना दिसेल, ते आपल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, आपल्याच मालाने करून दाखविता येईल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सही न करणेच पेढीच्या हिताचे व लौकिकाचे आहे.