सोनोग्राफी नॉर्मल आली, मग कावीळ कसली?

मिठबाव : गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज आहे असं सांगितलं गेलं. कॅन्सर असल्याचं गोवा सरकारने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. १७ मार्च २०१९ ला ते गेले. चर्चा राजकारणाची खूप झाली. हा आजार ओळखतात कसा, यावर कोण बोललंच नाही.

आपल्याकडे पोट दुखलं की ‘गॅस असतलो’. डोळे पिवळे झाले की आधी झाडपाल्याचं औषध, मग पथ्य. त्यात महिना जातो, आणि या आजारात महिना फार मोठा.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं. आतड्यातला वायू आड आला की साध्या सोनोग्राफीत ते नीट दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर विषय संपत नाही. दुखत नाही तरी कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, कारण नसताना वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक लागलेली शुगर, पोटातून पाठीत जाणारी कळ: यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, सीटी स्कॅन करूया का? हा स्कॅन शिरेतून औषध सोडून करतात. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात.

आता रक्ततपासणीचं. सीए १९-९ ही तपासणी हल्ली पॅकेजमध्येही घालतात. पित्त अडून झालेल्या साध्या काविळीतही तो आकडा वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही. निदान झाल्यावर उपचार लागू पडतायत का, हे बघायला ती खरी उपयोगी. नुसत्या त्या कागदावरून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका.

गाठीचा तुकडा घ्यायचा तर तोंडातून दुर्बीण घालून आतूनच सोनोग्राफी करतात आणि सुईने नमुना काढतात. त्यासाठी मोठं रुग्णालयच गाठावं लागतं. गाठ लगेच काढता येण्यासारखी असेल तर कधी कधी तुकडा न घेताच ऑपरेशन करतात.

काविळीसाठी पित्तनलिकेत नळी बसवायची असेल, तर शक्यतो सीटी आधी करून घ्या; नळीनंतर चित्र तितकं स्वच्छ येत नाही. आणि बांबोळीला किंवा मुंबईला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडीही पिशवीत घाला.