चॉकलेट गोड, आश्वासन कडू



1824 साली जॉन कॅडबरी यांनी बर्मिंगहॅममध्ये दुकान काढले. 1879 मध्ये त्यांच्या मुलांनी बोर्नव्हिलला कारखाना हलवला; पुढे तेथे घरे, मैदाने झाली. ही कंपनी 1948 साली भारतात आली. ठाण्यातील चौक आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

2009 मध्ये अमेरिकेची क्राफ्ट कंपनी ती विकत घ्यायला निघाली. कॅडबरीने बंद करायला काढलेला ब्रिस्टलजवळचा सॉमरडेल कारखाना आपण चालू ठेवू, असे तिने जाहीर केले. फेब्रुवारी 2010 मध्ये मालकी हाती येताच तिने शब्द फिरवला. 2011 मध्ये कारखान्याला टाळे लागले. तेथील नियामक पॅनेलने ताशेरे ओढले, पण गेलेल्या नोकऱ्या परतल्या नाहीत.

नाव टिकले, कामगार गेला. म्हणून रेल्वे असो वा होसकोट्याचा कारखाना, मालक बदलताना तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सेवाशर्तींचा सहीशिक्क्याचा करार आधी घ्या!